चौकोनी कंस आणि ‘ड’

‘डडगोदावरी़़’ हा शब्द कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. मराठी विकिपीडियावर माझ्या हातून उमटलेला हा पहिला दुवा. मला लिहायचे होते ‘गोदावरी’, आणि तेही असे की वाचकाने त्या शब्दावर टिचकी मारली की गोदावरी नदीचे पान उघडावे. त्यासाठी शब्दाच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन चौकोनी कंस द्यावे लागतात, [[गोदावरी]] असे. कंसाची कळ मी बरोबर दाबली होती. पण पडद्यावर आधी दोन ‘ड’ आले आणि शेवटी ‘री’च्या पायाशी दोन नुक्ते चिकटले.

माझे सेलूला टायपिंग आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. मराठी टंकलेखन मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस यंत्रावर शिकलो. संगणक पुढे स्वतःच हाताळत, चुकत शिकलो. त्या विषयाची पदवी माझ्याकडे नाही. बारवा, वीरगळ, पडकी मंदिरे पाहत भटकण्याचा नाद मात्र जुना आहे आणि त्या नादातूनच मी विकिपीडियाकडे गेलो. आमच्या तालुक्यातली वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, शेजारच्या जिंतूर तालुक्यातली चारठाण्याची मंदिरे, यांच्याविषयी जे वाचले-पाहिले ते आपल्या भाषेत कुठेतरी नीट नोंदलेले असावे, एवढीच इच्छा होती. ती इच्छा आणि प्रत्यक्ष पान यांच्यामध्ये काय काय उभे राहते, त्याविषयी हा लेख आहे. अडथळे किरकोळ वाटतील. पण त्यांना ठेचकाळून किती माणसे परत गेली, हे मी दुकानात बसून पाहिले आहे.

आधी विकीविषयी थोडे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांवरच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचे हे नाव त्याच्या डोक्यात राहिले होते. वाचणाऱ्यानेच पान उघडून तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, ही त्याची कल्पना. तिच्यावर १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी. मराठी विकिपीडियाच्या मंडळींनी एक काम फार सुंदर केले आहे, ते म्हणजे शब्द. सराव करण्याच्या पानाला तिथे धूळपाटी म्हणतात, सर्वांनी मिळून बोलायच्या जागेला चावडी, पुन्हापुन्हा वापरायच्या तयार चौकटीला साचा आणि माणसाऐवजी आपोआप संपादने करणाऱ्या प्रोग्रॅमला सांगकाम्या. ‘बॉट’पेक्षा ‘सांगकाम्या’ या शब्दात अधिक शहाणपण आहे. सांगितले तेवढेच करतो, आणि सांगणारा चुकला तर बिनदिक्कत चुकीचेच करतो.

पान दुरुस्त करायला गेले की मजकूर जसा वाचताना दिसतो तसा समोर येत नाही, खुणांसकट येतो. दोन चौकोनी कंसांत दुवा. दोन महिरपी कंसांत साचा. दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे दिली की ठळक अक्षर. बरोबरीची दोन-दोन चिन्हे म्हणजे मथळा. संदर्भ द्यायचा तर टोकदार कंस. आणि साच्याच्या आत दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर उभी रेघ. या सगळ्या खुणा इंग्रजी कळफलकावर उजव्या हाताच्या करंगळीशी जमलेल्या असतात. इंग्रजीत तिथे अक्षरे नाहीत म्हणूनच त्या खुणा निवडल्या गेल्या.

मराठीत तिथे अक्षरे आहेत. इन्स्क्रिप्ट नावाची जी मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली आणि जी १९९१ च्या आय.एस. १३१९४ या मानकात आली, तिची रचना शास्त्रशुद्ध आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. पण आपली व्यंजने इंग्रजीपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे ती उजवीकडे सांडत जाऊन कंसांच्या कळांवर बसली. उघडत्या चौकोनी कंसावर ‘ड’, मिटत्यावर नुक्ता. उघडत्या महिरपीवर ‘ढ’, मिटतीवर ‘ञ’. एकेरी अवतरणावर ‘ट’. बरोबरीच्या चिन्हावर ‘ऋ’ची मात्रा. उभ्या रेघेवर ‘ऑ’. उघडत्या टोकदार कंसावर ‘ष’. विकीची जवळजवळ एकही खूण या मांडणीतून सुटलेली नाही. दोष कुणाचाच नाही. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट करणाऱ्यांना विकी माहीत असण्याचे कारण नव्हते, आणि विकी करणाऱ्याला ‘ड’.

आता हिशेब करा. एका दुव्यासाठी आधी इंग्रजीत जायचे, कंस द्यायचे, मराठीत यायचे, शब्द लिहायचे, पुन्हा इंग्रजी, पुन्हा कंस, पुन्हा मराठी. चार वेळा भाषा बदलली. दहा दुव्यांच्या मध्यम पानाला चाळीस वेळा, आणि संदर्भ अजून धरलेलेच नाहीत. प्रत्येक बदलाच्या वेळी आपण आत्ता कोणत्या भाषेत आहोत हे लक्षात ठेवायचे. ते विसरले की ‘डड’. मोबाइलवर तर चौकोनी कंस चिन्हांच्या दुसऱ्या पाटीवर दडलेले असतात.

इथे एक कबुली दिली पाहिजे. जे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी लिहितात, गमभन किंवा बरहावर ज्यांचा हात बसला आहे, त्यांना हा त्रास फारसा होत नाही. त्यांचे कंस मोकळेच असतात. विकिपीडियाच्या चौकटीतही अक्षरांतरणाची सोय आहे, आणि कंट्रोल व एम दाबून ती चालू-बंद करता येते. शिवाय २०१३ पासून ‘दृश्य संपादक’ आला आहे, त्यात खुणा दिसतच नाहीत. नवख्या माणसाने त्यातूनच सुरुवात करावी असे मी सांगतो. पण साच्यांत खोल शिरायचे झाले, विकिस्रोतावर जुन्या पुस्तकाची पाने तपासायची झाली, किंवा माझ्या दुकानातल्यासारखा जुना संगणक असला, की शेवटी माणूस खुणांच्या पानावर येतोच. आणि टंकलेखनाच्या परीक्षा दिलेली, बोटांना देवनागरीची सवय असलेली माणसे आमच्याकडे कमी नाहीत. खरे तर मराठी विकीला सर्वांत उपयोगी तीच.

अशाच एक शिक्षिका दुकानात यायच्या. गावाच्या इतिहासावर त्यांनी वहीभर टिपणे काढली होती, नुसती ऐकीव नव्हे, ग्रंथालयात बसून, पृष्ठ क्रमांकांसकट. त्यांनी विकिपीडियाच्या चौकटीत थेट लिहायला घेतले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाच्या मजकुरानंतर वीज गेली आणि सगळे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “भाऊ, लिहायला काय नाही हो, हे कंसच जमंनात.” बाईंचे मराठी माझ्यापेक्षा दसपट चांगले. त्या अडल्या कुठे, तर चार विरामचिन्हांपाशी.

तेव्हा मी चौकटीच्या बाहेर, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून मग पान चिकटवण्याचा मार्ग धरला. टेक्स्ट एडिटर म्हणजे वर्डसारखा सजावट करणारा नव्हे, फक्त अक्षरे साठवणारा. वीज गेली तरी मजकूर डिस्कवर राहतो, हा पहिला फायदा. दुसरा असा की चांगल्या एडिटरला आपण नव्या गोष्टी शिकवू शकतो. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस आहे. त्यात खुणांना रंग देता येतात, कळांची मालिका नोंदवून पुन्हा वाजवता येते. मी बरेच दिवस तेच वापरले. व्हिम पाहिले, पण त्याच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या असतात आणि मराठी कळफलक चालू असताना त्या आज्ञांचीही अक्षरे होतात, म्हणजे तीच कटकट दुसऱ्या दाराने आत. शेवटी ईमॅक्सवर स्थिरावलो.

ईमॅक्सचा जन्मच मुळी जोडकामातून झाला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये टेको नावाच्या एडिटरला लोकांनी आपापल्या सोयीच्या आज्ञांचे गठ्ठे जोडले होते, ते एकत्र करून तो तयार झाला. १९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तो नव्याने लिहून मुक्तपणे दिला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. जपानमधल्या इलेक्ट्रोटेक्निकल प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्याला अनेक लिप्या शिकवल्या आणि १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत ते काम मूळ एडिटरात सामावले गेले. जपान्यांना आपल्या लिपीसाठी जे लागले त्यातूनच देवनागरीचीही वाट निघाली. ईमॅक्सला देवनागरी इन्स्क्रिप्ट आतूनच येते. संगणकाचा कळफलक इंग्रजीतच ठेवायचा आणि एडिटरने अक्षरे बदलून द्यायची. त्यामुळे आज्ञा चालू राहतात. आणि अक्षर बदलण्याचे नियम एडिटरच्या आत असल्यामुळे ते आपल्याला बदलताही येतात.

इथे मला एक गोष्ट सुचली, जी मी अजूनही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. विकीच्या बहुतेक खुणा जोडीने येतात. दोन कंस, दोन महिरपी, दोन बरोबरी. त्याच कळा इन्स्क्रिप्टमध्ये दोनदा दाबल्या तर काय उमटते? डड. ढढ. ञञ. दोन नुक्ते. एका अक्षराला ‘ऋ’च्या दोन मात्रा. मराठीत हे होतच नाही! ‘लड्डू’त, ‘गड्डा’त दोन ‘ड’ आहेत, पण मध्ये पाय मोडलेला असतो, म्हणजे तिसरी कळ. एका शब्दात लागोपाठ दोन सुटे ‘ड’ मी पुष्कळ शोधले, नेहमीच्या वापरातला एकही सापडला नाही. म्हणजे लिहिणाऱ्याने ती कळ लागोपाठ दोनदा दाबली, तर त्याला अक्षर नको आहे, कंस हवा आहे, हे एडिटरला कळू शकते. मग मी नियम जोडला: कळ एकदा दाबली तर ‘ड’, लगेच पुन्हा दाबली तर तो ‘ड’ पुसून दोन चौकोनी कंस. तसेच बाकीच्यांचे. उभी रेघ आणि टोकदार कंस जोडीने येत नाहीत, म्हणून त्यांना वेगळ्या कळा दिल्या. एकूण काम दोन डझन ओळींचे. ते लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण ईमॅक्सची लिस्प ही भाषा स्वतःच कंसांनी भरलेली आहे.

बाईंना बोलावले. त्यांनी वही काढली आणि पहिला परिच्छेद सहा दुव्यांसह एकदाही न थांबता लिहिला. त्या काही बोलल्या नाहीत, दुसरा परिच्छेद लिहायला लागल्या.

कंसांचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसतो. त्यापुढचा प्रश्न दिसतही नाही. ‘कऱ्हा’ आणि ‘कर्‍हा’ हे दोन शब्द पाहा. छापल्यावर सारखेच. पण पहिल्यात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडला आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आहे. संगणकाच्या लेखी हे वेगळे शब्द. नदीचे पान एका प्रकाराने तयार झाले असेल आणि तुम्ही दुवा दुसऱ्या प्रकाराने दिलात, तर दुवा लाल दिसतो, म्हणजे ‘असे पान नाही’. भला माणूस लाल दुवा पाहून नवे पान तयार करतो आणि एकाच नदीची दोन पाने होतात. शोधणाऱ्याला त्यातले एकच सापडते. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’ हे आपले रोजचे शब्द आहेत, काही दुर्मीळ नव्हेत.

‘ॲ’चे तर तीन प्रकार. यूनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत, किंवा ‘ऍ’ वापरत. तिन्ही रूपे आजही पानापानांवर आहेत. याशिवाय विसर्गाच्या जागी अपूर्णविराम: ‘स्वतः’ऐवजी ‘स्वत:’. छपाईत हे खपून जाते. विकीत अपूर्णविराम म्हणजे नामविश्वाची सीमा. ‘साचा:’, ‘वर्ग:’, ‘चर्चा:’ हे सगळे त्याच्यावर चालते. पानाच्या नावात तो शिरला की कधीतरी अडचण करतोच.

मी एडिटरला हे सगळे शोधायला शिकवले. पण बदलायला नाही, फक्त रंगवायला. अदृश्य जोडचिन्ह जिथे असेल तिथे नारिंगी पट्टी, ‘अ’वरचा चंद्र निळा, अक्षराला चिकटलेला अपूर्णविराम लाल. बदल करायचा की नाही ते लिहिणारा ठरवतो. सुरुवातीला मी असा शहाणा नव्हतो, ती गोष्ट सांगितली पाहिजे.

एका मंदिराच्या पानावर आकडे काही इंग्रजी, काही मराठी असे मिसळलेले होते. मी एडिटरला सांगितले की पानावरचे सगळे इंग्रजी आकडे देवनागरी कर. एका सेकंदात झाले. पान चिकटवले, झलक न पाहता जतन केले आणि जेवायला गेलो. परत आलो तर छायाचित्र गायब, तळाचे तीन संदर्भ मेलेले, माहितीचौकटीतल्या नकाशाच्या जागी लाल अक्षरांत त्रुटीची ओळ. कारण छायाचित्राच्या फाइलच्या नावातही आकडे होते, संकेतस्थळाच्या पत्त्यातही होते, आणि अक्षांश-रेखांशांचे गणित करणाऱ्या साच्याला इंग्रजीच आकडे लागतात. माझ्या चर्चापानावर एका जुन्या संपादकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यातली दुसरी ‘कृपया झलक पाहत जा’ अशी होती. मी स्वतःचे संपादन उलटवले आणि आठवडाभर काही लिहिले नाही.

भिंत रंगवणारा आधी खिडक्यांना आणि बटणांना कागद लावतो, मग ब्रश उचलतो. तेच केले. आता एडिटर आकडे बदलण्याआधी पानातले पत्ते, फाइलींची नावे, साच्यांतल्या संख्या आणि पुस्तकांचे आय.एस.बी.एन. क्रमांक झाकून ठेवतो, उरलेल्या गद्यातले आकडे एकेक करून दाखवतो, होकार मिळाला तर बदलतो आणि शेवटी झाकलेले उघडतो. वेळ जास्त लागतो. लागू दे. एडिटरमधून थेट विकीवर जतन करण्याची सोय देणारा जोड ईमॅक्ससाठी मिळतो, तोही मी मुद्दाम बसवलेला नाही. मजकूर हाताने चिकटवावा लागतो, म्हणून झलक पाहिली जाते.

विकिस्रोताचे नियम आणखी वेगळे. तिथे स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके पान-पान करून उतरवली जातात. डावीकडे आपण लिहिलेला मजकूर, उजवीकडे पुस्तकाच्या पानाचे चित्र. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचे गाव, त्यामुळे आमच्याकडे अभंग टाइप करून ठेवलेली मंडळी पुष्कळ. या टायपिंगमध्ये चरणाच्या शेवटी दंडाऐवजी सर्रास कळफलकावरची उभी रेघ असते, कडव्याच्या शेवटी दोन. कागदावर कुणाला फरक कळत नाही. पण विकीत साच्याच्या आत उभी रेघ आली की तिच्यापुढचा मजकूर वेगळी गोष्ट समजला जातो, आणि तक्त्यात दोन रेघा आल्या की नवा रकाना सुरू होतो. अभंग साच्यात घातला की पहिल्या चरणानंतरचा भाग नाहीसा व्हायचा, किंवा कडवी शेजारशेजारच्या खणांत जाऊन बसायची. देवनागरीचे दंड स्वतंत्र आहेत, एकेरी आणि दुहेरी. एडिटर आता अभंगात उभी रेघ दिसली की दंड सुचवतो.

पण तिथेच त्याला थांबवावे लागते. विकिपीडियासाठी मी शुद्धलेखनाच्या नेहमीच्या चुकांची एक यादी त्यात भरली होती. तीच यादी चालू ठेवून एका जुन्या पुस्तकाची पाने तपासायला घेतली, तर त्याने ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘आणि तें’ यांच्यावरचे सगळे अनुस्वार चूक म्हणून दाखवले. आज आपण ज्या नियमांनी लिहितो ते १९६२ चे, १९७२ मध्ये वाढवलेले. त्याआधी छापलेल्या पुस्तकात तो अनुस्वार चूक नाही, तेच त्या पुस्तकाचे शुद्धलेखन. एकदा ‘सगळे बदला’ म्हटले असते तर पन्नास-साठ पाने साफ बिघडली असती आणि वाचणाऱ्याला कळलेही नसते. म्हणून विकिस्रोतासाठी ती यादी एडिटर उघडतच नाही.

आता ज्या कळेचा मला सर्वांत अभिमान होता आणि जी मी काढून टाकली, तिच्याविषयी. गावाच्या पानासाठी मी एक तयार सांगाडा केला होता. कळ दाबायची, एडिटर गावाचे नाव, तालुका, जिल्हा विचारणार, की माहितीचौकट, ‘भौगोलिक स्थान’, ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’ हे मथळे आणि तळाचा वर्ग असे सगळे पान तयार. एका संध्याकाळी गंमत म्हणून आजूबाजूच्या अकरा गावांची पाने बनवली. अकरा पानांना पंचवीस मिनिटे. मग ती लागोपाठ वाचली. नाव सोडले तर एकही शब्द वेगळा नव्हता. हवामान उष्ण व कोरडे. लोकांचा व्यवसाय शेती. ज्या गावात मी स्वतः वीरगळ पाहिला होता त्या गावाच्या पानावरही तेच.

अशी पाने मराठी विकिपीडियावर आधीच पुष्कळ आहेत, आणि इतर भाषांतही. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया लेखांच्या संख्येत इंग्रजीच्या खालोखाल आहे. साठ लाखांवर लेख, त्यांतले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्याने लिहिलेले. आमच्याकडे अभिमानाने म्हणतात, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. जर्मन विकिपीडियाचे लेख सेबुआनोच्या जवळपास निम्मे आहेत, पण लोक वाचायला जातात ते जर्मनकडे.

सांगाड्यात आणखी एक खोट होती, ती उशिरा लक्षात आली. जिल्हा विचारल्यावर मी समोरच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पाहून ‘परभणी’ लिहीत होतो. पण परभणी जिल्हा जुन्या पुस्तकांत आजच्यापेक्षा फार मोठा आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तिकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला आणि वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ सगळेच गेले. उरलेल्यातही सोनपेठ, मानवत, पालम, पूर्णा हे तालुके पुढे निर्माण झाले. त्यांची गावे जुन्या पुस्तकांत दुसऱ्याच तालुक्यांखाली सापडतात. जुन्या पुस्तकावरून कळ दाबत गेलो असतो तर शेकडो गावे चुकीच्या जिल्ह्यात बसली असती, तीही संदर्भासहित, म्हणजे कुणी सहज हलवणारही नाही.

सांगाडा काढून टाकला आणि त्या जागी उलटी गोष्ट बसवली. आता ती कळ दाबली की एडिटर आधी मथळा देत नाही, संदर्भ विचारतो: पुस्तक कोणते, प्रकाशनाचे वर्ष कोणते, पृष्ठ कितवे. वर्ष १९९९ च्या आधीचे असेल तर तालुका आणि जिल्हा पुन्हा विचारतो. मग मजकूर लिहायला रिकामी ओळ. मजकूर लिहून झाला तरच वरचा मथळा उमटतो. माझा वेग कमालीचा मंदावला. गेल्या वर्षभरात माझी गावांची पाने चार झाली आहेत; त्यातले एक बाईंच्या गावाचे, ते मी नव्हे, त्यांनी लिहिले. त्या पानावर आठवडी बाजाराचा वार आहे, नदीच्या जुन्या पुराची नोंद आहे, आणि प्रत्येक वाक्यामागे वहीतला पृष्ठ क्रमांक. ‘हवामान’ हा मथळा नाही. त्याविषयी त्यांना वेगळे काही सांगायचे नव्हते.

हा लेख पाठवायच्या तयारीत असताना बाईंचा फोन आला. आता त्या सगळेच लेखन त्या एडिटरमध्ये करतात. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटुकले लिहायला घेतले होते, त्यात सावकाराच्या तोंडी एक शब्द होता. “भाऊ, तुमच्या यंत्रात ‘टटपुंज्या’ लिहिता येईना. दोन ‘ट’ दाबले की अवतरणचिन्हं यायलीत.” लागोपाठच्या दोन सुट्या अक्षरांचा शब्द मराठीत नाही असे मी ‘ड’ तपासून ठरवले होते, ‘ट’ तपासायचा राहिला होता. दोन एकेरी अवतरणांनी विकीत तिरके अक्षर होते, आणि देवनागरीत तिरके अक्षर तसेही चांगले दिसत नाही. तो नियम काढला. ठळक अक्षरासाठी तीन ‘ट’चा ठेवला आहे. तीन सुटे ‘ट’ लागोपाठ येणारा शब्द कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावा.